ऑपरेशन करू का नको? एका घोट्याचा हिशोब

आजचा भाग ज्यांचा पाय वारंवार मुरगळतो त्यांच्यासाठी आहे. आणि ज्यांचा मुरगळत नाही त्यांच्यासाठीही, कारण घरात, मित्रांत, टीममध्ये एक जण तरी असा असतोच, आणि तो तुम्हालाच विचारतो, "काय करू रे, ऑपरेशन करून टाकू का?"

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, खराडीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो, गाव शिरूर तालुक्यात. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते ऐकून पाय परस्पर कुणाला कापायला देऊ नका, आणि ठरलेलं ऑपरेशन रद्दही करू नका. दुसरी गोष्ट अशी की हा विषय मी पुस्तकातून काढलेला नाही. माझा उजवा घोटा गेली तीन वर्षं सैल आहे. माझा आत्तेभाऊ दौंडला असतो, त्याचा डावा. आमच्या दोघांचे एमआरआय रिपोर्ट शेजारी ठेवले तर नाव सोडून फारसा फरक दिसत नाही. पण आमचे निर्णय दोन टोकांचे झालेत. ते का, हेच आज सांगायचंय.

आधी घोट्यात नेमकं असतं काय ते बघू. नडगीचं हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड, ही दोन मिळून खाली एक कमान करतात. त्या कमानीत पावलाचं एक हाड बसतं, त्याला टॅलस म्हणतात. हे सगळं जागेवर धरून ठेवतात ती लिगामेंट्स, म्हणजे चिवट पट्टे. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला असे तीन पट्टे असतात. पाऊल आत वळून आपण त्याच्यावर पडलो की बाहेरचा पट्टा ताणला जातो, आणि तिघांपैकी पुढचा सगळ्यात आधी फाटतो, कारण तोच सगळ्यात कमजोर. आपण ज्याला "पाय मुरगळला" म्हणतो, ते बहुतेक वेळा हेच असतं.

आता पाय मुरगळल्यावर आपल्याकडे काय होतं? गावात कुणीतरी असतंच, जे म्हणतं, "नस चढलीय, बसवून देतो." मग गरम तेल, जोरात चोळणं, झटका देऊन ओढणं. हळदीचा लेप लावला तर माझं काही म्हणणं नाही. पण ताज्या दुखापतीवर पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरात चोळलं तर सूज वाढते, आणि आत हाड मोडलेलं असेल तर सगळंच बिघडतं. म्हणून पहिला प्रश्न ऑपरेशनचा नसतोच. पहिला प्रश्न असतो, एक्स-रे काढायचा का?

त्यासाठी एक सोपा नियम आहे. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली तो मांडला आणि आज जगभर वापरतात. घोट्याभोवती दुखतंय, आणि दोन्ही बाजूंची जी हाडं बाहेर आलेली दिसतात त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यावर कळ येते, तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड हाताला लागतं तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखतंय, तरी एक्स-रे. आणि पडल्याबरोबर चार पावलं टाकता आली नाहीत, दवाखान्यात पोचल्यावरही येत नाहीत, तर एक्स-रे. लंगडत का होईना, चार पावलं. शिरूरला काय, दौंडला काय, एक्स-रे मिळतो. तेवढ्यासाठी पुण्याला पळायची गरज नाही.

हाड मोडून जागेवरून सरकलं असेल, किंवा ती वरची कमानच उघडली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर ऑपरेशन म्हणाले तर बहुतेक वेळा फार विचार करत बसायला जागा नसते. सांधा वाकडा जुळला की तो लवकर झिजतो.

पण आपण बोलतोय दुसऱ्या प्रकाराबद्दल. हाड मोडलेलं नाही. पहिल्यांदा मुरगळला, सूज आली, तीन आठवड्यांत चालायला लागलात. दोन महिन्यांनी पुन्हा मुरगळला. मग पुन्हा. आता तर कबड्डीत कट मारताना, उसाच्या सरीतून चालताना, पार्किंगमध्ये फोन बघत जाताना, पाय अचानक "जातो". वेदना फार नसते, पण भरवसा राहत नाही. या प्रकाराला घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतात. आणि इथे ऑपरेशन हा पर्याय असतो, सक्ती नसते. पर्याय असतो म्हणूनच डोकं दुखतं.

आता क्रिकेटकडे वळू, कारण हे दोन्ही रस्ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेत, फक्त त्या नजरेने बघितले नाहीत.

१९ ऑक्टोबर २०२३. वर्ल्ड कप, भारत-बांगलादेश, आपल्याच पुणे जिल्ह्यात, गहुंजेच्या स्टेडियमवर. हार्दिक पांड्या आपली पहिली ओव्हर टाकत होता. तिसऱ्या चेंडूवर लिटन दासने समोर मारलेला फटका पायाने अडवायला गेला आणि डावा घोटा मुरगळला. उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले, आठवतंय? ४ नोव्हेंबरला हार्दिक स्पर्धेतून बाहेर गेला. मार्च २०२४ मध्ये आयपीएलला परत आला, आणि २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर त्यानेच टाकली. ऑपरेशन न करता.

दुसरीकडे मोहम्मद शमी. त्याच वर्ल्ड कपमध्ये ७ सामन्यांत २४ विकेट, स्पर्धेत सगळ्यात जास्त. त्याचं दुखणं टाचेचं, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस टेंडनचं. आधी इंजेक्शनचा मार्ग बघितला. तो पुरला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं. रणजीत बंगालकडून तो नोव्हेंबर २०२४ मध्ये उतरला आणि भारताकडून जानेवारी २०२५ मध्ये राजकोटला. म्हणजे ऑपरेशन ते भारताची जर्सी, जवळपास अकरा महिने. आणि हे ज्याच्या दिमतीला जगातले उत्तम फिजिओ आहेत त्याचं गणित.

आता यातून "हार्दिक शहाणा, शमी नाही" असा अर्थ काढला तर तो चूक. दुखापती वेगळ्या होत्या. साम्य एकच आहे. दोघांनीही आधी ऑपरेशनशिवायचा मार्ग चालून पाहिला. एकाला तो पुरला, दुसऱ्याला नाही. आपल्यासाठीही क्रम हाच असतो.

तर तो पहिला मार्ग, फिजिओथेरपी. आपल्याकडे फिजिओ म्हणजे काय, तर शेकायचं मशीन, दहा दिवस, आणि "बरं वाटतंय". मंडळी, सैल घोट्यासाठी ते फिजिओ नाही. खरं काम असं आहे. लिगामेंट म्हणजे नुसता पट्टा नाही, त्यात सेन्सर असतात. पाऊल किती वाकडं पडतंय ते हे सेन्सर मेंदूला सतत कळवतात, आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ते पाऊल वेळेत सरळ खेचतात. लिगामेंट फाटलं की पट्टाही सैल होतो आणि सिग्नलही उशिरा पोचतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर थोडं बिघडलंय, पण लेटन्सी जास्त बिघडलीय. व्यायामाने पट्टा आखूड होत नाही, पण लेटन्सी कमी होते. आणि बऱ्याच जणांना तेवढं पुरतं.

व्यायामही साधे आहेत. पावलाला रबराचा बँड लावून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलायचं. एका पायावर टाचा उचलायच्या. एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून, मग उशीवर. मग उड्या, मग दिशा बदलून धावणं. आठवड्यातून चार-पाच दिवस, किमान तीन महिने, काहींना सहा. पहिले काही दिवस फिजिओसमोर, म्हणजे चुकीची सवय लागत नाही, मग घरी. जिमची गरज नाही, ओसरी पुरते.

आता आमच्या दोघांची गोष्ट.

आत्तेभाऊ सत्तावीस वर्षांचा. पोलिस भरतीची तयारी करतो. दौंडला राज्य राखीव पोलिस दलाचे गट आहेत, त्यामुळे वर्दीचं स्वप्न तिथल्या पोरांना रोज डोळ्यांसमोर दिसतं. पहाटे पाचला रस्त्यावर, मैदानावर पोरं पळत असतात. शिपाई भरतीचं ग्राउंड म्हणजे १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० मार्क. त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा २८. तो खुल्या प्रवर्गातला. म्हणजे त्याच्याकडे वेळ किती, ते तुम्हीच मोजा.

त्याचा घोटा महिन्यातून तीन-चारदा जायचा. एमआरआय काढला. रिपोर्टवर पुढच्या लिगामेंटबद्दल जे इंग्रजीत लिहिलं होतं ते वाचून आत्या रडायलाच लागली. आणि हा म्हणाला, "दादा, करूनच टाकू. एकदाचं फिक्स होईल, मग बिनधास्त पळेन." त्याला ऑपरेशन हवं होतं.

मला नको होतं. घरी आईचं म्हणणं, "चिरलेला पाय पुन्हा पहिल्यासारखा होत नाही." चुलत्यांचं म्हणणं, "बसून काम करतोस, पाय लागतोय कशाला?" आणि खरं सांगू, मलाही ही वाक्यं ऐकायला बरी वाटत होती.

पुण्यातल्या ज्या सर्जनकडे आम्ही दोघं गेलो त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले. म्हणाले, "फाटलेलं लिगामेंट रिपोर्टमध्ये दिसतं आणि माणूस मजेत फुटबॉल खेळत असतो, असेही लोक आहेत. मी रिपोर्टचं ऑपरेशन करत नाही. तीन-चार महिने नीट व्यायाम करा आणि पाय किती वेळा जातो ते लिहून ठेवा." लिहून ठेवा म्हटल्यावर आपण काय, शीटच बनवली. चार रकाने. तारीख, जागा सपाट होती का खडबडीत, काय करत होतो, नंतर सूज आली का. भाऊ फोनवर सांगायचा, मी भरायचो.

बारा आठवड्यांनी त्याचा आकडा खाली आला होता. पहिल्या महिन्यात चार वेळा, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात शून्य. चांगल्या पायावर तो पंचवीस टाचा उचलायचा आणि वाईट पायावर सुरुवातीला अकरा. आता बावीस. १६०० मीटर तो ब्रेस लावून पूर्ण वेगाने धावत होता.

माझे सोळा आठवडे झाले. ताकद वाढली, तोल सुधारला, टाचा दोन्ही पायांवर सारख्या. पण पाय जाणं थांबलं नाही. शेवटच्या महिन्यात तीन वेळा, त्यातले दोन सपाट फरशीवर. एकदा तर ऑफिसच्या लिफ्टसमोर. शिवाय माझ्या एमआरआयमध्ये एक ओळ जास्त होती, टॅलसच्या कूर्चेवर सुरुवातीची झीज. वारंवार मुरगळणाऱ्या सांध्यात ही झीज पुढे वाढू शकते, आणि कूर्चा एकदा गेली की सहजासहजी परत येत नाही.

म्हणजे ज्याला ऑपरेशन हवं होतं त्याला गरज नाही, आणि ज्याला टाळायचं होतं त्याला आहे. इच्छा एकीकडे, शीट दुसरीकडे. आम्ही शीटचं ऐकलं.

हे ऑपरेशन काय आहे तेही ऐका, कारण नावाला लोक घाबरतात. ब्रॉस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश सर्जनने ते १९६६ साली मांडलं, १९८० मध्ये गूल्ड नावाच्या सर्जनने त्यात सुधारणा केली, आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच पद्धत किंवा तिचीच भावंडं वापरतात. तुमचंच सैल झालेलं लिगामेंट घट्ट करून हाडाला परत बांधायचं, आणि शेजारच्या एका पट्ट्याचा वरून आधार द्यायचा. शर्टाला टीप मारून तो अंगाबरोबर करावा तसं. ऊतक फारच खराब असेल, किंवा अंगाचे सगळेच सांधे जन्मतः सैल असतील, तर दुसरीकडून टेंडन घेऊन नवीन पट्टा करावा लागतो. साधारण दहातल्या आठ-नऊ जणांचा घोटा यानंतर स्थिर होतो.

उरलेल्या एक-दोघांचं काय, हेही विचारलं पाहिजे. पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा येऊ शकतो, कारण तिथून एक नस जाते. सांधा आखडू शकतो. जखमेत जंतुसंसर्ग, पोटरीत रक्ताची गुठळी, हे धोके कमी असले तरी असतात. आणि काही वर्षांनी पुन्हा सैल होणं, हेही घडतं.

आणि वेळ. साधारण दोन आठवडे पाय टेकवायचा नाही. मग बूट घालून हळूहळू वजन, सहा आठवड्यांपर्यंत. मग ब्रेस आणि पुन्हा तोच फिजिओ, तेच बँड, त्याच टाचा. खेळायला चार ते सहा महिने. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, पण कुणी तुम्हाला "महिन्यात पळाल" म्हणालं तर उठून या. ऑपरेशन म्हणजे फिजिओतून सुटका, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. फिजिओ दोन्ही रस्त्यांवर आहेच.

भावाचं गणित इथेच सुटलं. ऑपरेशन केलं असतं तर अर्धं वर्ष गेलं असतं, आणि मध्येच ग्राउंडची तारीख आली असती तर कुबड्या घेऊन मैदानावर कोण घेतंय? पाय सुधारत असताना तो धोका कशाला? घोट्याची अस्थिरता काही आजच्या आज ऑपरेशन करायची गोष्ट नाही. भरतीनंतरही पाय तिथेच आहे आणि सर्जनही.

आता आपल्या भागातल्या माणसाने वेगळा हिशोब करावा लागतो. तो कुठल्या इंग्रजी व्हिडिओत सापडत नाही.

पाय कुठला? मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाला, मागचा ब्रेक उजव्या पायाला. म्हणजे कुठलाही पाय असो, गाडी काही आठवडे बंद. वाडीवस्तीवर राहत असाल तर दळणापासून दवाखान्यापर्यंत सगळं दुसऱ्याच्या गाडीवर.

घरात संडास कुठला? भारतीय पद्धतीचा असेल तर एका पायावर बसणं-उठणं अशक्य. कमोडची खुर्ची मिळते, ती ऑपरेशनच्या आधी घरात आली पाहिजे. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. सहा आठवडे खाली हॉलमध्ये पथारी, हे ठरलंय.

फॉलोअप कसा करणार? दौंडकरांना पुण्याला यायला रेल्वे आहे, पण कुबड्या घेऊन गर्दीच्या गाडीत चढणं आणि जिना चढून प्लॅटफॉर्म बदलणं किती जमेल, ते विचारात घ्या. शिरूरला तर रेल्वेच नाही, एसटी किंवा कुणाची तरी कार. पुणे सत्तरेक किलोमीटर. म्हणून सर्जन पुण्यातला घेतला तरी फिजिओ जवळचा बघा, आणि दोघांचं फोनवर एकदा बोलणं करून द्या.

काम कुठलं? माझं लॅपटॉपवरचं. पाय उशीवर ठेवून दोन आठवड्यांत मी घरून कामाला लागू शकतो. रांजणगाव एमआयडीसीत लाइनवर आठ तास उभं राहणाऱ्या माझ्या मित्राला हे शक्य नाही. तो कंत्राटी असेल तर सुट्टी म्हणजे पगार बंद. ऊसतोड, दूध, पाणी धरणं, हे असेल तर त्या दोन-तीन महिन्यांत ते कोण करणार, ते नावानिशी ठरवा. "बघू" म्हणू नका. आपल्याकडे "बघू" म्हणजे आई करणार, असाच अर्थ होतो.

पैसे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा जुन्या दुखण्यालाही पहिल्या दिवसापासून कव्हर असतं, पण एचआरकडून लेखी घ्या. स्वतःची नवी पॉलिसी काढून लगेच जुन्या घोट्याचं ऑपरेशन करायचा बेत असेल, तर आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत असते, ती तीन वर्षांपर्यंत असू शकते. आणि आजार लपवला तर क्लेम जातो. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्राला विचारावं की तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं ऑपरेशन योजनेत बसतं का. विचारायला पैसे लागत नाहीत.

आता शेवटचं. डॉक्टरकडे जाताना हे प्रश्न फोनच्या नोट्समध्ये लिहून न्या. माझा पाय सैल आहे हे तुम्ही हाताने तपासून सांगताय का फक्त रिपोर्टवरून? मी पुरेसा फिजिओ केलाय असं तुम्हाला वाटतं का? कूर्चेला इजा आहे का? सहा महिने थांबलो तर काय बिघडेल? ऑपरेशननंतर मी माझं काम कधी सुरू करेन, माझा खेळ कधी? आणि तुम्ही हे ऑपरेशन वर्षाला किती करता? शेवटच्या प्रश्नाला चिडणारा डॉक्टर असेल तर दुसरं मत घ्या. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान नव्हे.

आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा. या घोट्यामुळे मी काय करणं सोडून दिलंय? माझी यादी केली तेव्हा त्यात कबड्डी होती, ट्रेक होते, ते मला माहीत होतं. पण तिसऱ्या नंबरवर "रात्री शेतात पाणी धरायला जाणं" लिहिलं गेलं, आणि तेव्हा कळलं की वडील गेली दोन वर्षं ती पाळी एकटेच करतायत. कुणी काही बोललं नव्हतं. "बसून काम करतोस, पाय लागतोय कशाला" याचं उत्तर मला तिथे मिळालं.

माझी तारीख ठरलीय. आईने एका अटीवर होकार दिलाय, कुबड्या असेपर्यंत वरच्या मजल्यावर पाऊल टाकायचं नाही. भावाचं ग्राउंड अजून व्हायचंय. तो पहाटे पाचला पळतो, आणि संध्याकाळी न चुकता टाचा मोजतो. कुणाचं बरोबर निघेल ते वर्षभरात कळेल, तेव्हा त्याला घेऊनच एक भाग करू.

तोपर्यंत तुमच्या आसपास ज्याचा पाय सारखा जातो, त्याला हा भाग पाठवा. आणि आजपासून शीट भरायला सांगा, चारच रकाने आहेत. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि चालताना फोन खिशात ठेवा.